न ऐकलेलं सुतक

आमच्या मंडळीला लोक बाजावाले म्हणत. दरबारी कागदांत तिचं नाव लांबलचक होतं आणि त्यात ‘सुधारणा’ हा शब्द होता. एका बड्या अधिकाऱ्याच्या डोक्यात आलं की रानावनातल्या रयतेला चांगलं संगीत ऐकवलं तर तिचं वळण सुधारेल. रयतेचं वळण कशानं बिघडलं होतं, हे त्याला कुणी विचारलं नाही. एक पायपेटी, एक फिडल, एक क्लॅरिनेट, सारंगी, तबला आणि जलतरंगाचे पेले असं सामान राजधानीत, धारेला गोळा झालं, मग ते वाजवणारी माणसं गोळा झाली. पाऊस संपून वाटा सुकल्या की आम्हांला बैलगाड्यांत घालून गावोगाव हिंडवायचं, असा हुकूम निघाला. फिडल माझ्याकडे होतं.

शहाण्या माणसांना हे ऐकून आजही भरून येतं. गावातली मुलं मला म्हणतात, आजोबा, तुम्ही खेड्यापाड्यांत संगीत नेलंत. नेलं खरं, पण कुणाच्या डोक्यावरून नेलं ते विचारा. गाडी जिथं जाईना, नाला किंवा चढ आला, की पाटील भिल्लांची चार माणसं वेठीला धरी आणि ती पायपेटी त्यांच्या डोक्यावर चढे. त्यामुळे आमच्या गाड्यांची धूळ दिसली की गावातले धडधाकट पुरुष ज्वारीच्या शेतातून पार पलीकडे निघून जात. आम्ही पोचेपर्यंत मागे उरत म्हातारेकोतारे, बायका आणि कुत्री. त्यांना आम्ही राग देस ऐकवत असू. एका गावी आमचं वाजवणं संपल्यावर एक म्हातारी काठी टेकत मास्तरांपाशी आली. आता ही पाया पडणार असं त्यांना वाटलं, म्हणून ते जरा पुढे सरकले. ती म्हणाली, “भिया, हुई ग्यो कईं? अब जावोगा?” झालं का, आता जाणार का; आम्ही गेल्यावर तिच्या मुलाला परत घरी यायचं होतं, एवढाच तिचा प्रश्न होता.

मास्तर म्हणजे आमचे पायपेटीवाले. मंडळीचा सगळा कारभार त्यांच्या हातात. जुन्या मराठा सरदारांच्या पदरी असलेल्या घराण्यातला माणूस, मिशा पिळदार, बोलणं गोड. देवधर्म इतका कडक की एकादशीला आमच्या सारंगियालाही जेवू देत नसत, आणि सारंगिया तर मुसलमान. मास्तर वाईट होते असं मी म्हटलं तर त्यांना ओळखणारं कुणीही मानणार नाही. तापात त्यांनी माझे पाय चेपलेले आहेत. असल्या माणसावर राग धरणं फार जड जातं, आणि मी तो इतकी वर्षं धरून आहे.

मी देवासचा. टेकडीच्या पायथ्याशी आमची गल्ली. देवासची राज्यं दोन; गल्लीची एक बाजू थोरल्या पातीत, दुसरी धाकट्या पातीत, म्हणजे समोरच्या ओट्यावर गप्पा मारायला गेलं की आपण दुसऱ्या राज्यात. वडील लवकर गेले होते. घरी आई आणि माझी थोरली बहीण, जिला मी अक्का म्हणे. ती लग्नानंतर थोड्याच काळात विधवा होऊन माहेरी परतली होती. त्या वर्षी दिवाळीपासून आईचा दमा बळावला. मार्गशीर्षात आमचा दौरा निघायचा होता, आणि मी मास्तरांकडे जाऊन या खेपेला मला वगळा म्हणून हातापाया पडलो.

मास्तरांनी मला जवळ बसवलं. हा दौरा नेहमीसारखा नव्हता. शेवटचा मुक्काम बाग गावी होता, आणि तिथे लेणी पाहायला एक गोरा साहेब येणार होता. आमचे अधिकारी त्याला मंडळीचं वादन ऐकवणार होते. त्याला आवडलं तर मंडळी कायम, नाहीतर पुढच्या वर्षी सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं. कार्यक्रमाच्या शेवटी साहेबासाठी एक इंग्रजी चाल बसवली होती आणि ती सगळी फिडलवर होती. मास्तर मला पंत म्हणत, अर्धं मानानं आणि अर्धं चेष्टेनं. ते म्हणाले, “पंत, तुमची आई ती माझी आई. काही निरोप येऊ द्या, त्याच पावली तुम्हांला घोड्यावर बसवून रवाना करतो. मग साहेब राहो नाहीतर जावो.”

मी विश्वास ठेवला. व्यवस्थाही चोख होती. आईचं काही कमीजास्त झालं तर अक्कानं टांगेवाल्याबरोबर धारेला माझ्या चुलतभावाला कळवायचं, आणि त्यानं दरबारची डाक घेऊन आमच्या तळावर येणाऱ्या सांडणीस्वाराच्या कानावर घालायचं. सांडणीस्वारानं तो निरोप मास्तरांना द्यायचा, कारण मंडळीतल्या कुणाचाही निरोप आधी मास्तरांकडे जाई, ही तिथली रीत. परगावी असताना माणसं उगीच बिथरू नयेत म्हणून ती पाडलेली. तेव्हा मला ती शहाणपणाची वाटली होती.

आणखी एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आलं. नव्या गावी पहिला सूर लावण्याआधी वाद्यांची पूजा होई. सतरंजीवर सगळी वाद्यं मांडायची, हळदकुंकू, फूल, नारळ. वाजवणाऱ्यांत ब्राह्मण मी एकटा, तेव्हा पूजा माझ्याकडे. आमचा आचारीही ब्राह्मण होता, पण तो बिचारा चुलीपुढून उठायचा नाही. मला त्या पूजेची हौस होती असं नाही, पण फिडलाला गंध लावताना उगाच बरं वाटायचं.

राजगढला आमचा मुक्काम असताना सांडणीस्वार आला. मी नदीवरून परत येत होतो तेव्हा तो उंटावर चढताना दिसला. मी धावतच मास्तरांकडे गेलो. निरोप आहे का म्हणून विचारलं. ते पायपेटीचा भाता उघडून बसले होते; मान वर न करता म्हणाले की काही नाही, असता तर सांगितला नसता का. मला हायसं वाटलं. त्या संध्याकाळी मी इतकं चांगलं वाजवलं की बाजारातले दोन व्यापारी दुकानं सोडून ऐकत उभे राहिले. ते आठवलं की अजून हात चावावासा वाटतो.

पुढे दोन-तीन गावं झाली. अफूच्या पिकाला पाणी देण्याचे दिवस होते, थंडी सणसणीत पडली होती. एका मुक्कामी सांडणीस्वार पुन्हा येऊन गेला. तो आल्याचं मला गाडीवानाकडून नंतर कळलं. मी विचारलं तर मास्तर म्हणाले, बागेच्या मुक्कामाचा हुकूम आला आहे, बाकी काही नाही.

पण त्या दिवसापासून सगळ्यांची वागणूक पालटली. आधी मला वाटलं, साहेबापुढे वाजवायचं म्हणून जो तो धास्तावला असेल. तबलजी माझी रोज थट्टा करी, माझ्या शेंडीवरून, माझ्या भातखाऊपणावरून. ती एकदम बंद झाली. सारंगिया मला आपलं पांघरूण देऊ लागला. आचारी माझ्या पानावर वरून वाढू लागला, पळी टेकू न देता. वाटेत एक देवीचं देऊळ लागलं, तिथे आम्ही नेहमी उतरून दर्शन घेत असू. मी उतरायला लागलो तर मास्तरांनी गाडी हाकायला लावली, म्हणे उशीर होतोय. आणि त्यानंतरच्या गावी वाद्यं मांडून झाल्यावर मी हात धुऊन पुढे झालो, तर मास्तर म्हणाले, “पंत, तुम्ही सूर जुळवा, आज नारळ आचारी फोडतील.” आचारी पिठाचे हात पुसत आला. मी सूर जुळवत बसलो.

दुसऱ्या गावीही तेच झालं. मी मूर्ख नव्हतो, पण माणूस स्वतःला जे कळू द्यायचं नाही ते कळू देत नाही. मास्तर रागावले असतील, माझ्या हातून पूजेत काही चुकलं असेल, असं काहीबाही मनाशी म्हणत मी बागेपर्यंत आलो.

बाग गावी नदीकाठी तळ पडला. साहेब दुपारी लेणी पाहून परतायचा होता, आणि दिवेलागणीच्या आधी, उजेड असतानाच आमचं वादन. कनात लागली, खुर्च्या आल्या. सतरंजीवर वाद्यं मांडली आणि आचारी ओलेत्यानं पूजेला येऊन बसला. मी त्याच्यापाशी गेलो आणि विचारलं की पूजा तुमच्याकडे कशी. तो म्हणाला, मला काय विचारता, मास्तरांना विचारा. आणि हे म्हणताना तो मागे सरकला, माझं धोतर आपल्याला लागू नये म्हणून. मीही सकाळी अंघोळ केलेला, त्याच्याच जातीचा. एरवी पूजा करणाऱ्या मला पाहून सोवळ्यातल्या ब्राह्मणानं मागे सरकावं असं कारण एकच होतं, सुतक.

 मी सारंगियाकडे गेलो. तो वयानं मोठा, मी त्याला चाचा म्हणत असे. मी त्याला हिंदीत विचारलं की माझी आई आहे की गेली. त्याचे डोळे भरून आले. “बेटा, मेरी ज़बान बाँध दी गई है,” तो म्हणाला. “तुम्हारे धरम की बात है, मास्टर साहब से पूछ लो.”  त्याला मी आजही दोष देत नाही. त्याला आमचं शास्त्र सांगून गप्प बसवलं होतं.

मास्तर कनातीबाहेर फेटा बांधत उभे होते. मी पुढे जाऊन उभा राहिलो. मला पाहिल्याबरोबर ते समजले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि अर्ध्यातच खाली घेतला.

“पंत, तुम्हांला कुणी काही सांगितलं आहे?”

“नाही.”

“मग तुम्हांला सुतक नाही. सुतक लागतं ते ऐकल्यापासून. लांब असलेल्या माणसानं न कळता खाल्लंप्यायलं, गायलं, वाजवलं, त्याला दोष नाही. हे माझं नव्हे, शास्त्राचं म्हणणं आहे. आजची संध्याकाळ जाऊ द्या. उद्या सकाळी मी स्वतः बोलेन. दोष असला तर माझ्या माथी.”

“मास्तर, एवढंच सांगा. आई आहे का?”

“उद्या,” ते म्हणाले.

 शास्त्रात ही सवलत कशाकरता ठेवली, तर दूरदेशी असलेल्या मुलाला नंतर कळलं तर त्यानं मनाला लावून घेऊ नये म्हणून. त्या दयेची यांनी वेसण केली आणि माझ्या नाकात घातली. बरं, शास्त्रावर इतका भरवसा होता, तर नारळ माझ्या हातून का फोडला नाही? देवळात का जाऊ दिलं नाही? म्हणजे देवीला सुतक चालत नव्हतं, साहेबाला चालत होतं. मंडळीतल्या सगळ्यांना माझी आई गेल्याचं ठाऊक, गाडीवानाला ठाऊक, आचाऱ्याच्या पळीला ठाऊक. ठाऊक नव्हतं ते फक्त मला, आणि मला ते ठाऊक नसावं म्हणून ही सगळी माणसं दिवसेंदिवस माझ्याशी प्रेमानं वागत होती. मला त्या प्रेमाची किळस आली.

मी सरळ नदीकडे निघालो. अंगात दरबारनं दिलेला बंद गळ्याचा कोट, डोक्याला फेटा. तसाच पाण्यात उतरलो आणि बुडी मारली. मृत्यूची वार्ता ऐकली की माणूस अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान करतो. मला कुणी ती सांगत नव्हतं. स्नान तर माझ्या हातात होतं. पाणी बर्फासारखं होतं. पलीकडे छापाची लाल-काळी कापडं धुणारे लोक उभे होते. मी पुन्हा बुडी मारून वर आलो तेव्हा त्यांच्यातला एक पांढऱ्या दाढीचा माणूस हातातलं कापड तसंच धरून माझ्याकडे बघत होता. त्यानं विचारलं, “कौन गया, भिया?”

“माँ,” मी म्हणालो.

अशी मला माझ्या आईची वार्ता कळली, माझ्याच तोंडून, एका परक्याला सांगताना. तो माणूस कापड दगडावर ठेवून थोडा वेळ हात जोडून उभा राहिला. तेवढं सांत्वन त्या दौऱ्यात मला मिळालं.

निथळत वर आलो तर सगळी मंडळी बाजूला झाली. आता मला शिवायचं नव्हतं, माझ्या पंक्तीला बसायचं नव्हतं, आणि सतरंजीवर तर मला पाऊल टाकता येणारच नव्हतं. मास्तरांचा चेहरा पडला. ते इतकंच म्हणाले, “पंत, सगळ्यांच्या पोटावर पाय दिलात.” तबलजीसुद्धा माझ्याकडे असा बघत होता की मीच कुणाचा तरी घात केलाय.

आता कार्यक्रम मोडणार असं मला वाटलं होतं. खोटं कशाला बोलू, तो मोडावा असंच वाटत होतं. मी लांब एका पळसाखाली ओल्या कपड्यांत बसलो. साहेब आला, आमचे अधिकारी आले, कनातीतून पेटीचा सूर उठला. एकामागून एक सगळं वाजलं. शेवटची इंग्रजी चाल, जी माझ्यावाचून होणार नाही म्हणून मला इथवर आणलं होतं, ती क्लॅरिनेटवाल्यानं वाजवली. दोनदा चुकला, एकदा भलत्याच ठिकाणी थांबला. साहेबानं टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. फिडल नाही हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. पुढे मंडळी काढणारा तो बडा अधिकारी बदलून गेला आणि होळीच्या सुमाराला मंडळी मोडली ती मोडलीच, म्हणजे तेही काही साधलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला एक गाडी दिली. धारेला पोचलो तर चुलतभावाचं घर बंद. शेजाऱ्यांनी सांगितलं की तो देवासला गेला आहे, मुलगा हजर नाही म्हणून अग्नी त्यालाच द्यावा लागला.

देवासला घरी पोचलो तेव्हा तेरावा होऊन गेला होता. ओटा शेणानं सारवलेला, माजघरात गोडाच्या जेवणाची भांडी अजून पालथी घातलेली. घराचं सुतक फिटलं होतं आणि माझं कोरं करकरीत होतं, कारण आईबापांचं सुतक कधीही ऐकलं तरी पुरे दहा दिवस. चुलतभावानं मला दाराबाहेरच थांबवलं. न्हावी बोलावला, माझं डोकं भादरलं, आणि पडवीच्या कोपऱ्यात माझं घोंगडं टाकलं. ज्या घरात आई गेली तिथे मी कुणाला शिवू शकत नव्हतो. अक्का लांबून पान ठेवी आणि आत जाई. ती माझ्याशी बोलत नव्हती. मला वाटलं, दुःखानं बोलत नसेल.

तिसऱ्या दिवशी मीच तोंड उघडलं. झालं ते सगळं तिला सांगितलं: मास्तर, आचारी, पूजा, नदी. निरोप मला कुणी दिलाच नाही, अक्का, आई गेल्याचं कळलंच नाही मला, असं पुनःपुन्हा म्हणालो. ती उंबऱ्याच्या आत बसून तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

“आणि पहिला निरोप?” तिनं विचारलं.

मी म्हटलं, पहिला कुठला.

“ती जायच्या आधीचा. ती बोलत होती तेव्हा. टांगेवाल्याला तिनंच दारात बोलावून सांगितलं, त्याला म्हणावं, ‘मला घाबरवायचं नाही तुला, पण एकदा येऊन जा.’ तुझा भाऊ धारेहून येऊन सांगून गेला की सांडणीस्वारानं राजगढला निरोप पोचवला, मास्तर म्हणाले, लगेच पाठवतो.”

राजगढ. पेटीचा भाता उघडून बसलेले मास्तर आणि खाली घातलेली मान. आई तेव्हा जिवंत होती. जिवंत माणसाचं सुतक कुठल्याही शास्त्रात नाही. मला घोड्यावर बसवलं असतं तर मी पोचलो असतो.

मी रडायला लागलो. अक्का उठली नाही, जवळ येणं तिला शक्यच नव्हतं. म्हणालो, “अक्का, मला खरंच माहीत नव्हतं ग.”

“मला पटलं,” अक्का म्हणाली. “पण तिला आम्ही सांगून बसलो होतो की तुला निरोप पोचलाय. ती शेवटपर्यंत तेच धरून होती, की तुला कळलंय आणि तू आला नाहीस. आता हे तिला कोण सांगणार?”